डिस्क ब्रेकची रोडबाईक: रोज कंपनी आणि बीआरएमची तयारी, हीच सुधारू की विकून दुसरी घेऊ? (नाशिक)

सातपूर_फर्स्ट_शिफ्ट

नमस्कार मंडळी. राहायला इंदिरानगर, कंपनी सातपूर एमआयडीसीत. सायकल अलॉय फ्रेम, कार्बन फोर्क, शिमानोचा सोरा ९ स्पीड गिअरसेट, पुढे ५०-३४ दातांचा, मागे ११-२८, डिस्क ब्रेक पण केबलवाले, रोटर (ब्रेकची चकती) दोन्हीकडे १६० मिमीचे, टायर सायकलसोबत आलेले तेच २८ मिमीचे. रोजचं जाणं सिडकोतून त्रिमूर्ती चौक आणि मग अंबड लिंक रोडने, एका बाजूला दहाएक किलोमीटर. रविवारी सोमेश्वर-दुगाव-गिरणारे नाहीतर त्र्यंबक, कधी ग्रुप असला तर कसाऱ्यापर्यंत. हिवाळ्यात २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत २०० किमी पूर्ण करायची राइड) करायची आहे, जमली तर ३०० पण.

तक्रारी अशा की पावसाळ्यापासून मागचा ब्रेक इतका किंचाळतो की एबीबी सर्कलला पुढचा रिक्षावाला मागे वळून बघतो, लिव्हर जवळजवळ हँडलला टेकतो तेव्हा कुठे गाडी थांबते, आणि कसारा घाट उतरताना खाली पोचेपर्यंत बोटं आखडतात. चढाला पण बोंब आहे, नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना शेवटी शेवटी गिअरच उरत नाही, उभं राहून रेटावं लागतं.

ग्रुपमधले एकजण म्हणतात ही विक आणि सरळ १०५ (शिमानोचा सोराच्या वरचा गिअरसेट) हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर चालणाऱ्या ब्रेकची, घे. एका दुकानात विचारलं तर ते म्हणे पूर्ण ग्रुपसेटच (गिअर-ब्रेकचा सगळा संच) बदलू. आता बजेट म्हणाल तर पंचवीस, फार तर तीस हजार, आणि घरी मी आधीच सांगून बसलोय की सायकलला एकदा घेतली की खर्च नसतो, त्यामुळे जे काय करायचं ते हप्त्याहप्त्याने आणि गुपचूप करावं लागेल. कुणी हा मार्ग गेला असेल तर सांगा. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारं यंत्र) वगैरेचंही डोक्यात आहे पण ते नंतर.

गोदाकाठचा_पेडल

विकू नको भाऊ. सेकंडहँड रोडबाईकला इथे भाव पडून मागतात, आणि तुझ्या तीनही तक्रारींना सायकल बदलायची गरजच नाहीये. ब्रेकचं तर बहुतेक ॲडजस्टमेंटच निघेल.

ॲलन_की_अप्पा

वर बरोबर लिहिलंय, पण "ॲडजस्टमेंट" म्हणून सोडून देऊ नका, त्यातच सगळी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजले की आपोआप पुढे येत नाहीत, हायड्रॉलिकमध्ये येतात. मग लोक काय करतात, लिव्हर खोल जायला लागला की बॅरल (केबलचा ताण बदलायचा स्क्रू) फिरवून केबल ताणतात. दोनतीनदा चालतं ते. पण केबल ताणली की कॅलिपरचा (रोटरवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) हात आधीच अर्धा फिरलेला राहतो, आणि त्याचा जोर ज्या टप्प्यात सगळ्यात जास्त लागायला पाहिजे तो टप्पा हातातून जातो. मग लिव्हर कितीही दाबा, मऊ मऊच लागतो.

बरोबर पद्धत अशी. बॅरल पूर्ण आत घ्या, केबलचा बोल्ट सैल करून हात एकदम मोकळा सोडा. तुमचा कॅलिपर एकाच बाजूने ढकलणारा असेल (बहुतेक स्वस्तातले तसेच असतात) तर चाकाच्या बाजूला, स्पोकच्या आतून, एक ॲलन कीचा स्क्रू दिसेल, तो आतल्या स्थिर पॅडचा. कॅलिपरचे दोन बोल्ट थोडे ढिले करा, आतला पॅड रोटरच्या इतका जवळ आणा की मधून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल. मग बाहेरचा हात दाबून धरून बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळा, एकदम एक आवळला की कॅलिपर तिरका होतो. चाक फिरवा, कान लावून ऐका. घासत असेल तर रोटरच्या मागे पांढरा कागद धरून बघा कुठल्या बाजूची फट बुजलीये. शेवटी केबल फक्त ढील जाईल इतकीच ओढून बोल्ट लावायचा. टीआरपी स्पायरसारखा दोन्ही बाजूंनी दाबणारा कॅलिपर असेल तर दोन्ही पॅड सारखे आत घ्यायचे.

हे करायच्या आधी पॅड काढून बघा मात्र. पॅडवरचा घासणारा मसाला अर्धा मिलिमीटर उरला असेल तर टाकूनच द्या. रोटर नवा १.८ मिमीचा असतो, १.५ झाला की बाद, आणि ती मर्यादा बहुतेक रोटरवर कोरलेलीच असते.

किंचाळण्याबद्दल. पावसात ओल्या रोटरने थोडा आवाज सगळ्यांचाच होतो, पहिल्या दोनचार ब्रेकनंतर गेला तर दुर्लक्ष करा. कोरड्यातही येत असेल तर पॅडला तेल लागलंय. कुठून लागलं? नव्वद टक्के वेळा चेनवर मारलेल्या स्प्रेमधून. आमच्या इकडे एका दुकानात सर्व्हिसिंगनंतर पोरगा हौसेने अख्ख्या सायकलवर चकाकीचा स्प्रे मारून देतो, रोटरसकट! सायकल चमकते आणि ब्रेक गेला. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कपड्याने पुसा, बोट लावू नका, पॅडचा वरचा थर बारीक पॉलिश पेपरवर घासून बघा. तेल आत मुरलं असेल तर घासून काही होत नाही, नवे घ्या, चार-पाचशेसाठी जीव टांगणीला लावू नका.

नवे पॅड घालून लगेच घाटात जायचं नाही. गंगापूर धरणाकडच्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी जा, पंचवीस-तीसच्या स्पीडवरून चालण्याच्या स्पीडपर्यंत हळूहळू दाबत आणा, चाक लॉक करू नका, असं वीसेक वेळा, पुढचा आणि मागचा वेगवेगळा. पॅडचा मसाला रोटरवर सारखा बसला की मग पकड येते. हे कुणी करत नाही आणि मग म्हणतात केबल डिस्क म्हणजे भंगार.

आणि एक खर्च जरूर करा: ब्रेकसाठी न दबणारी आउटर केबल घ्या, ज्यात तारा लांबीच्या दिशेने असतात, जॅगवायरची मिळते. साधी आउटर गुंडाळलेल्या पट्टीची असते, लिव्हर दाबला की ती स्वतःच थोडी आखडते आणि तुमचा निम्मा जोर तिथेच जिरतो. मागच्या ब्रेकला फरक जास्त जाणवतो कारण केबल लांब.

कसारा_उतरला

अप्पांचं सगळं मान्य, पण एक बाजू राहिली. रोज ट्रॅफिकमध्ये थांबून थांबून जाणाऱ्याला आणि वर घाट उतरणाऱ्याला हायड्रॉलिकचं सुख वेगळंच आहे हो. हुडवर (लिव्हरच्या वरच्या रबरी पकडीवर) हात ठेवून बसल्या बसल्या एका बोटाने थांबते गाडी. २०० किमीनंतर मनगटं गेलेली असतात तेव्हा कळतं. पॅड झिजले तर आपोआप भरून काढतं, तुम्ही वर्षा-दीड वर्षात एकदा तेल बदललं की झालं. शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याचशा ब्रेकला डॉट फ्लुइड, आणि एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही, सील जातात. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबायचा नाही हे फक्त घरातल्या पोरांना सांगून ठेवा.

आता सातपूरभाऊंसाठी मधला रस्ता आहे. सोरामध्ये शिमानोने हायड्रॉलिक लिव्हर काढलाच नाही, म्हणून लिव्हर तेच ठेवून केबलवर चालणारे पण आत तेल असलेले कॅलिपर मिळतात, टीआरपीचा हायआरडी, ज्युइन टेकचे वगैरे. मी हायआरडी वापरतो. पकड चांगली, पॅडही आपोआप पुढे येतात. जड आहेत, दिसायला बोजड आहेत. आणि हायआरडीला केबल ताणून अजिबात ठेवायची नाही, नाहीतर हात पूर्ण मागे येत नाही, तेलाची वाट बंद राहते आणि ब्रेक हळूहळू आवळत जातो. घ्यायच्या आधी फ्रेमवर फ्लॅट माउंट आहे की पोस्ट माउंट (कॅलिपर बसवायच्या दोन पद्धती) ते बघा, पुढे एक आणि मागे एक असंही असतं कधी कधी.

घाट उतरण्याच्या पद्धतीबद्दल पण बोलायला पाहिजे. पूर्ण उतारभर हलका हलका ब्रेक धरून ठेवला की रोटर तापतो, पॅड चकाकतात आणि बोटं आखडतात. वळणाआधी जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. हात ड्रॉपवर, खाली, तिथून लिव्हरला जास्त तरफ मिळते. हुडवरून केबल ब्रेक दाबत कसारा उतरणं म्हणजे बोटांची शिक्षाच.

सिडको_ते_अंबड

मी रोज अंबडला जाते, तीही डिस्कवाल्या रोडबाईकनेच, म्हणून थोडं रोजच्या वापराचं लिहिते कारण इथे सगळे घाटच उतरत बसलेत :)

दादा, सगळ्यात आधी टायर बदला. सायकलसोबत येणारे टायर जाड रबराचे आणि जड असतात पण पंक्चर रोखत नाहीत. लिंक रोडला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात, केसाएवढ्या, त्या घुसल्या की दिसतही नाहीत. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून ती तार शोधून काढली नाही तर नवी ट्यूब पण पाच मिनिटांत जाते. गिरणाऱ्याकडे बाभळीचे काटे. मी ३२ चे घेतलेत, पंक्चर पट्टा असलेले. तुमच्या फ्रेममध्ये ३२ बसतात का ते नुसतं डोळ्याने बघू नका, टायर आणि फ्रेम यांच्यात सगळीकडून चार मिलिमीटर तरी जागा उरली पाहिजे, मडगार्ड लावायचं तर अजून जास्त. डिस्क ब्रेकचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो, रिम ब्रेकच्या बऱ्याच रोडबाईकला २८ च्या वर टायर जातच नव्हता.

हवा किती भरता? बहुतेक जण १०० ठोकतात कारण टायरवर कमाल तेवढी लिहिलेली असते. वजन सत्तर-पंचाहत्तर असेल तर २८ ला पुढे ७० आणि मागे ७५-८० पुरे, ३२ ला अजून दहा-पंधरा कमी. सिंहस्थाच्या निमित्ताने जी खोदाखोदी चाललीये त्यात १०० पीएसआय म्हणजे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात.

मडगार्ड पूर्ण लांबीचे लावा. पावसाळ्यात नाशिकची ती लाल-काळी राड चाकाने उडते ती सगळी चेनवर आणि कॅलिपरमध्ये जाते, रेझिनचे पॅड अशा चिखलात एका मोसमातच खलास होतात. मडगार्ड लावल्यापासून माझे पॅडही जास्त टिकतात आणि कंपनीत गेल्यावर पाठीवर चिखलाची रांगोळी नसते हा बोनस. कॅरिअर लावणार असाल तर डिस्कच्या कॅलिपरला त्याचा पाय अडतो का बघा, काहींना बाहेर काढलेले पाय असलेलं कॅरिअर लागतं. पाठीवर सॅक घेऊन रोज जाणं मला नाही जमलं, घामाने शर्ट जातो आणि रविवारी लांब जायचं तर खांदे आधीच आंबलेले.

आणि प्लीज, वॉशिंग सेंटरला प्रेशर मारून धुऊ नका. हबच्या आणि बॉटम ब्रॅकेटच्या बेअरिंगमध्ये पाणी जातं. साधी बादली, मग्गा, जुना ब्रश.

मागे लाल लाइट दिवसाही चालू ठेवते मी. पपया नर्सरीच्या सिग्नलला एकदा कंपनीची बस इतकी चिकटून गेली की तेव्हापासून नियमच केला.

सातपूर_फर्स्ट_शिफ्ट

अरे बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. ताई, हवा १०० च भरतो :) आज संध्याकाळी खाली करतो.

अप्पा, पॅड काढले. मागचे जवळजवळ पत्र्याला आलेत, आणि एका बाजूचा जास्त झिजलाय, म्हणजे आतला पॅड कधी कुणी हलवलाच नाही असं दिसतंय. रोटरवर बारीक अक्षरात "रेझिन पॅड ओन्ली" लिहिलंय, तर दुकानात जे मेटलचे पॅड दाखवत होते ते चालतील का? ते म्हणाले जास्त टिकतात.

आणि चढाच्या गिअरचं कुणी बोललंच नाही. ११ स्पीडच्या १०५ चे शिफ्टर (गिअर बदलायचे लिव्हर) नुसते घालून चालतं का, म्हणजे टप्प्याटप्प्याने?

ॲलन_की_अप्पा

नाही चालणार. त्या रोटरचं पोलाद मऊ असतं, मेटलचा पॅड त्याला खरवडून खातो. मेटलच हवे असतील तर रोटरही बदला, आणि मग सेंटर लॉक आहे की सहा बोल्टचा (रोटर हबला बसवायच्या दोन पद्धती) ते बघून. तुमच्या वापराला रेझिनच ठेवा, आवाज कमी, थंड असतानाही पकड चांगली. पावसाळ्याचे तीन-चार महिने एक जोडी जास्तीची घरात ठेवायची, विषय संपला.

दातमोजणी

गिअरचं मी सांगतो, माझा आवडता विषय.

आधी तुमचा मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बघा, आतल्या बाजूला मॉडेल नंबर असतो. आर३००० च्या पुढे जीएस असेल, म्हणजे लांब पिंजऱ्याचा, तर तो ३४ दातांपर्यंत घेतो. एसएस, म्हणजे आखूड पिंजऱ्याचा, असेल तर ३० वर थांबतो. जीएस असेल तर ९ स्पीडची ११-३४ कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि नवी चेन, बस्स, एवढ्यात काम. चेन जुन्या लांबीची ठेवू नका, पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवर एकदम घातली की डिरेलर फाटेल.

फरक किती पडतो ते गणितात बघा. आत्ता पुढे ३४ मागे २८, म्हणजे ७० केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ठेवायचा तर ताशी ११ च्या आसपास जावंच लागतं. गडाच्या चढाला शेवटी तुम्ही आठ-नऊवर आला असणार, म्हणजे केडन्स ५०-५५, गुडघ्यावर सगळा भार. ३४ ला ३४ केलं की तोच ७० केडन्स ताशी ९ ला मिळतो. बसून चढाल. तोटा एवढाच की दोन गिअरमधली उडी मोठी होते, सपाटीला ग्रुपमध्ये चालवताना कधी कधी हवा तो गिअर मधेच सापडत नाही. त्र्यंबक रोडला वारा समोरून असला की हे जाणवतं. मला चालतं.

आता १०५ टप्प्याटप्प्याने. हे विसरा. ९ स्पीड सोरा आणि ११ स्पीड १०५ यांच्यात शिफ्टर एका क्लिकला केबल किती ओढतो ते वेगळं आहे, त्यामुळे शिफ्टर एकाचा आणि डिरेलर दुसऱ्याचा चालत नाही. गंमत म्हणजे शिमानोचाच १० स्पीडचा टियाग्रा ४७०० हा १०५ च्या ११ स्पीडसारखाच ओढतो, पण सोरा नाही. वर ११ स्पीडची रोड कॅसेट जुन्या फ्रीहबवर (मागच्या हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर) बसत नाही, तिला १.८५ मिमी जास्त लांबी लागते. एचजी८०० ची ११-३४ मात्र जुन्यावर बसते. तुमच्या चाकाचा फ्रीहब कुठला ते दुकानदाराला उघडून बघायला सांगा, अंदाजाने नाही. तर शिफ्टर, दोन्ही डिरेलर, कॅसेट, चेन, हायड्रॉलिक कॅलिपर, होज, मजुरी आणि कदाचित मागचं चाक. एवढ्यात तुमचं बजेट कधीच पार झालं आणि फ्रेम तीच राहिली. दुकानवाले "पूर्ण बदलू" म्हणाले ते तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही, फक्त तुम्हाला त्याची गरज नाही.

चेन मात्र मोजत जा. चेन चेकरने ०.७५ टक्के दाखवलं की ९ स्पीडची चेन बदला, थांबलात तर कॅसेट पण सोबत जाते. रोज कंपनी आणि त्यात धूळ, तुमची लवकरच येईल त्या आकड्यावर.

कसारा_उतरला

दातमोजणी साहेब, एवढं ऐकून मलाच माझी चेन मोजावीशी वाटायला लागलीये.

ट्रेनिंगचं एक. पॉवर मीटरला आत्ता हात घालू नका, छातीचा हार्टरेट पट्टा घ्या, दोन-चार हजारात होतं. २०० बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस. त्यात स्पीडपेक्षा न थांबता चालवत राहणं आणि वेळेवर खाणं जास्त कामाला येतं. कंपनीला जाताना दमणूक होईल असं चालवायचं नाही, गप्पा मारता येतील इतक्याच जोरात, आणि आठवड्यात एकदा येताना वळसा मारून गंगापूर रोडने थोडं जोर लावून या. आपल्याच गावातले डॉ. महाजन बंधू २०१५ ला दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले, तेही दवाखाना सांभाळून, तेव्हा नोकरी आहे म्हणून ट्रेनिंग होत नाही हे कारण नाशिकमध्ये चालत नाही हां.

सिडको_ते_अंबड

घरच्या ट्रेनरचा विचार असेल तर मागचं चाक थ्रू ॲक्सलचं (आरपार जाणाऱ्या जाड ॲक्सलचं) आहे का बघा दादा. १४२ बाय १२ असेल तर साध्या ट्रेनरला वेगळा ॲक्सल लागतो, सोबत येतोच असं नाही. आमच्याकडे ट्रेनर आला आणि ॲक्सल दहा दिवसांनी, तोवर त्यावर टॉवेल वाळत होते.

सातपूर_फर्स्ट_शिफ्ट

ठरलं मग. आत्ता रेझिन पॅड, न दबणारी आउटर केबल आणि टायर. फ्रेममध्ये मोजलं, ३२ बसतोय पण मडगार्डसकट नाही, म्हणून २८ च, पंक्चर पट्टावाले, आणि मडगार्ड. डिरेलर जीएस निघाला! कॅसेट आणि चेन पुढच्या पगाराला. हायआरडी बीआरएमनंतर बघू. रविवारी त्र्यंबकला जातोय सकाळी साडेपाचला पपया नर्सरीहून, अंजनेरीला चहा, कुणी येत असेल तर सांगा.

ॲलन_की_अप्पा

येतो. कॅलिपर कसा बसवलाय ते अंजनेरीला बघू, चार आणि पाचची ॲलन की माझ्याकडे असते. आणि नव्या पॅडने शनिवारी आधी धरणाकडे जाऊन या, थेट रविवारी ग्रुपमध्ये नको.